सेमिनरीत कुराण आणि तुकाराम कशाला?

मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात कुणीतरी हमखास गाठतं : "मॅडम, धर्मगुरू व्हायला आलेल्या पोरांना कुराण अन् तुकाराम कशाला शिकवता? श्रद्धा डळमळली तर?" तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. शेजाऱ्याच्या देवाबद्दल ऐकीव, अर्धवट बोलणं हीसुद्धा मला खोटी साक्षच वाटते. धर्मगुरू ती वेदीपाशी उभा राहून देतो तेव्हा तर फारच. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, २८ ऑक्टोबर १९६५ रोजीच जाहीर केलंय.

पुण्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते. नागालँड, केरळ, झारखंडची आमची मुलं तिथं जातात आणि निबंध लिहितात. मी तपासण्याआधी तो एका वारकरी आजोबांना हिंदीत वाचून दाखवायचा, हा माझा नियम. एकानं विठ्ठलाच्या मूर्तीच्या इतिहासावर पानंच्या पानं भरली होती. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं अन् म्हणाले, "समदं बराबर हाय बाळा, पण ह्यात चालनं कुठंय? माळ घातल्यावर काय सोडावं लागतं, त्ये कुठंय?" त्यानं निबंध पुन्हा लिहिला. मूर्तीला त्यात एक परिच्छेद उरला.

इस्लाम शिकवणं जास्त जड जातं. कुराणातली एकोणिसावी सुरा, म्हणजे अध्याय, येशूच्या आईच्या, मरियेच्या नावाची आहे म्हटल्यावर मुलं खुलतात. चौथ्या सुरेत येशूला क्रुसावर मारलं गेलं नाही असं वाचलं, की वर्ग गप्प. मग कुणीतरी विचारतं, यातून काही मेळ निघत असेल ना? नाही निघत, आणि मी ओढूनताणून काढत नाही. क्रूस माझ्या श्रद्धेचा कणा आहे. समोरचा तो मानत नाही, तरी त्याच्या नमाजाबद्दल खरंच बोलायचं. सगळे धर्म सारखेच असं म्हणून मोकळं होणं मला दोघांचाही अपमान वाटतो.

श्रद्धेचं म्हणाल तर, होय, काही मुलं हलतात. तास संपल्यावर थांबतात, कधी रडवेली होतात. पण रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढं ख्रिस्ताची भजनं तुकोबांच्याच अभंगाच्या वळणानं लिहिली. तुकोबा त्यांना आड आले नाहीत. आमच्या मुलांच्या पॅरिशशेजारी, म्हणजे ते सांभाळतील त्या चर्चशेजारी, उद्या मशीद असेल, देऊळ असेल. हे प्रश्न तिथले लोक विचारणारच. ते त्यांनी आधी माझ्या वर्गात ऐकावेत, एवढीच माझी धडपड आहे.