मंगळवार, दुपारी तीन

"काही लागलं तर सांग, असं मी म्हणणार नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी तीन ते पाच मी बाबांजवळ बसणार. तू बाहेर जायचं."

तळमजल्यावरच्या काकू. हातात विणकाम, म्हणजे ठरवूनच आलेल्या.

अंथरुणाला खिळलेल्या बाबांची दर दोन तासांनी कूस बदलणं, नाहीतर पाठीला जखमा होतात. ओल्या गॉझने तोंड पुसणं. वेदना कमी करणाऱ्या मॉर्फिनच्या वेळा, सोबत पोट साफ व्हायचं औषध (मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून ते लागतंच). काकूंनी सगळं कागदावर उतरवून घेतलं.

मी तलावपाळीला नुसती बसून राहिले. फोन सारखा बघत होते, ते सोडा.

"लागलं तर सांग" म्हणणारेही मनापासूनच म्हणतात. पण काय मागायचं हे ठरवायलाही डोकं शिल्लक लागतं ना! नातेवाइकांच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी रोज येतात. वार आणि वेळ कोणी कळवत नाही.

तुमच्याकडे आलं होतं का कोणी असं?