टिकली, फुगा आणि हायड्रोजनचा अणू

विश्वाचं प्रसरण म्हटलं की फुगा आलाच. कॉलेजच्या विज्ञान मंडळात मी दरवर्षी फुग्यावर स्केचपेनने ठिपके काढते, फुगा फुगवते, "बघा, दीर्घिका लांब जातायत" म्हणते आणि पुढे सरकते. यंदा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, ठिपकेपण मोठे झाले की!"

झालेच होते. शाई पसरून फिकट पडलेली. मग अणूही फुगतो का? "प्रसरण तिथे अगदी नगण्य असतं रे," म्हणून मी वेळ मारून नेली.

घरी गणित मांडलं तर माझंच उत्तर चुकलेलं. हबल स्थिरांक, म्हणजे प्रसरणाचा आजचा दर: दर मेगापार्सेकला (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर. हायड्रोजनच्या त्रिज्येएवढ्या अंतराला हा वेग हसू येईल इतका कमी निघतो. पण थेंबे थेंबे तळे साचे! १३.८ अब्ज वर्षं तो साचत गेला असता, तर अणू आज जवळपास दुप्पट असता.

गोम अशी की थेंब साचतच नाहीत. वेग म्हणजे बल नव्हे (अकरावीला हे मीच घोकून घेते). इलेक्ट्रॉनला जाणवू शकतं ते प्रसरणाचं त्वरण. आज ते बाहेरच्या दिशेने आहे, पण किती? मीटर प्रति सेकंद वर्गात लिहायचं तर दशांश चिन्हानंतर ४५ शून्यं आणि मग १. समोर प्रोटॉनची ओढ: ९ वर २२ शून्यं. अणू त्या प्रमाणात नखभरही नाही असा सैल होतो आणि तिथेच थांबतो. वाढत जात नाही.

प्रकाश मात्र कुणाला बांधलेला नसतो. नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीने टिपलेल्या एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर निघताना २१ सेंटिमीटरची होती, इथे पोचली ४८ची होऊन. २०२३ मध्ये ही बातमी आली होती. आपली मोजपट्टीही तेवढीच ताणली असती, तर तिला ती २१चीच दिसली असती.

पुढच्या तासाला पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं. ठिपक्यांऐवजी टिकल्या चिकटवल्या, फुगवलं. टिकल्या लांब गेल्या, मोठी एकही झाली नाही. एकीची कड तेवढी उचकटली.

"मॅडम, पण तिच्याखालचं रबर ताणलंच ना?" पुन्हा तोच आवाज.

घंटा झाली म्हणून सुटले.