खाचरात मेंढरं बसवायची, तर आधी कुत्र्यांचं बघा

दिवाळीच्या सुमारास भातकापणी उरकली की ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली अशा घाटांनी देशावरचे धनगर कोकणात उतरू लागतात. मेंढरं, सोबत चार बकऱ्या, बिऱ्हाड वाहणारी घोडी आणि मागेपुढे कुत्री. मेंढरं रात्री रिकाम्या खाचरात बसवायची, लेंडी आणि मूत जागच्या जागी जमिनीत पडायचं, बदल्यात शेतकऱ्याने भात किंवा पैसे द्यायचे, असा हा जुना व्यवहार. बरीच घरं तो आता विसरली आहेत. त्यामुळे कुणी नव्याने मेंढरं बोलावली की पहिल्या दिवशी धांदल ठरलेली. निम्मा कळप वालाच्या शेतात, गावची कुत्री मेंढरांमागे, धनगराची कुत्री गावच्या कुत्र्यांमागे आणि बांधाबांधावर हात हलवत ओरडणारी माणसं.

कुत्र्याकडून भलतीच अपेक्षा ठेवली की यातला निम्मा गोंधळ होतो. मोबाइलवर बॉर्डर कोली बघितलेला असतो. शिट्टी वाजली की तो वळसा घालून जातो आणि नजर रोखून मेंढरं गोळा करून आणतो. धनगराचा कुत्रा ते काम करत नाही. तो राखणीचा आहे. पिल्लू असल्यापासून तो मेंढरांत वाढतो, त्यांनाच आपलं टोळकं समजतो आणि परकं काही जवळ आलं की मध्ये उभा राहतो. मेंढरं हाकायचं काम माणूस करतो आणि त्याला मदत असते पुढे चालणाऱ्या बकरीची. अशा कुत्र्याला ‘छू’ म्हणून मेंढरांवर सोडलंत तर तो काहीच करणार नाही, नाहीतर तुमच्यावर गुरगुरेल. त्यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून कळप यायच्या आदल्या संध्याकाळी वाडीतली सगळी कुत्री बांधून घ्या, अगदी शेपूट हलवणारा गरीब कुत्रासुद्धा. एकटा कुत्रा सहसा मेंढराला धरत नाही, पण तीन-चार एकत्र आली आणि एक मेंढरू पळालं की पाठलाग सुरू होतो. मग मांडीचे लचके तोडले जातात. गावठी कुत्र्यांच्या अशा टोळक्याची भीती मला बिबट्यापेक्षा जास्त वाटते, कारण ते भरदिवसा येतं. वाडीत एखादी कुत्री माजावर असेल तर तिला घरात कोंडा, नाहीतर धनगराची कुत्री राखण सोडून रात्रभर तुमच्या अंगणात.

पाहुण्या कुत्र्यांना भाकरी टाकायचा मोह होतो. टाकू नका. दोन रात्री खायला मिळालं की ती तुमच्या पडवीशी बसतात आणि कळपाची एक बाजू उघडी पडते. त्यांना काय आणि किती घालायचं ते धनगर बघतो. रात्री धनगराच्या मुक्कामाकडे जायचं असेल तर लांबूनच हाक द्या आणि बॅटरीचा झोत जमिनीवर ठेवा. गुपचूप गेलात तर चावा ठरलेला.

चावा माणसाला असो की मेंढराला, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद-चुना भरायचा नाही. माणसाने त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. मेंढराला पशुवैद्यक चाव्यानंतरच्या ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी लस टोचतात. वाडीतल्या कुत्र्यांना रेबीजची लस दरवर्षी टोचलेली असली तर त्यांच्याबद्दलचा घोर तरी कमी होतो.

कुत्र्यांचं आणखी एक दुखणं डोळ्याला दिसत नाही. मेंढरू कापलं की मुंडी आणि आतडी कुत्र्यांपुढे टाकतात. मेंढराच्या मेंदूत पाण्याने भरलेली गाठ असेल तर तिच्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि दुसऱ्या मेंढराच्या मेंदूत पुन्हा गाठ होते. असं मेंढरू मान वाकडी करून एकाच जागी गोल गोल फिरतं. हे चक्र तोडायचं तर कच्ची मुंडी कुत्र्याला द्यायची नाही आणि दर तीन महिन्यांनी त्याला प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध वजनाप्रमाणे द्यायचं.

आता हाकणं. मेंढराच्या दृष्टीने महत्त्वाची जागा म्हणजे त्याचा खांदा. खांद्याच्या मागे उभे राहिलात तर ते पुढे जातं, खांद्याच्या पुढे आलात तर थांबतं किंवा वळतं. अगदी अंगावर गेलात तर फुटून पळतं. दहा माणसांनी चहूबाजूंनी ओरडण्यापेक्षा तीन माणसं पुरतात: एक पुढे बकरीसोबत आणि दोन मागे दोन्ही अंगांना, सरळ पाठीशी नाही. आरडाओरडा नको. पाणंदीत शिरायच्या आधी दोन्हीकडच्या गडग्यांतली (दगडी कुंपणांतली) भगदाडं आणि उघडी बेडी (शेतात शिरायची फाटकं) शोधून प्रत्येक ठिकाणी एक माणूस किंवा काटेरी फांदी ठेवा. एक मेंढरू भगदाडातून गेलं की बाकीची त्याच्या मागे जातात, पलीकडे काय आहे ते कुणी बघत नाही.

महामार्ग ओलांडताना कळप तुटू देऊ नका. मध्येच गाडी घुसली तर मागे राहिलेली मेंढरं थांबत नाहीत, पुढच्यांना गाठायला चाकाखाली धावतात. दोन्ही बाजूंची वाहनं लाल कापड दाखवून आधी थांबवायची, बकरी दोरीला धरायची, सगळी पार होईपर्यंत तिला थांबवायचं नाही. पहाटे हे सोपं जातं.

बसवायच्या जागेचा हिशेब सोपा आहे. मोठ्या मेंढीला साधारण एक चौरस मीटर. म्हणजे २०० मेंढरांना रात्रीला २०० चौरस मीटर, सुमारे दोन गुंठे. दहा गुंठ्यांचा कुणगा (खाचराचा बांध घातलेला तुकडा) असेल तर पाच रात्री, आणि वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळ्याचं कुंपण, रोज सकाळी पुढे सरकवायची. त्याच जागी तीन-चार रात्री ठेवली तर तिथलं भात पुढे काळंभोर होतं, फोफावतं आणि लोळतं, बाकीचा कुणगा मात्र तसाच राहतो. वाघर गोल लावा. चौकोनात कोपरे तयार होतात आणि रात्री मेंढरं बुजली की सगळी एका कोपऱ्यात चढतात, खालची गुदमरून मरतात. बिबट्या एक नेतो, कोपरा पाच-सहा घेतो. आपल्याकडे कुणगे पायऱ्यापायऱ्यांचे, त्यामुळे वाघर बांधाच्या कडेला टेकवू नका. बुजलेलं मेंढरू पुरुषभर खाली उडी मारतं आणि पाय मोडून घेतं.

खळं जवळ असेल तर ते आधी झाडून घ्या. सांडलेलं भात मेंढरं बकाबका खातात, पोटात आंबतं, मेंढरू सुस्त होतं, दात खातं, पातळ हगतं. वेळीच कळलं तर खायचा सोडा १५-२० ग्रॅम पाण्यात कालवून उभ्या मेंढराला हळूहळू पाजतात आणि पशुवैद्यकाला बोलावतात. डावी कूस ढोलासारखी फुगली असेल तर ५०-६० मिली गोडंतेल. आडव्या पडलेल्या मेंढराच्या तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. वालाच्या ओल्या वेलांत घुसलेल्या कळपातही फुगी येते. शेजाऱ्याशी भांडण होतं ते वेगळंच.

बागायतदारांसाठी एक गोष्ट मुद्दाम. सुपारीवर कोळेरोगासाठी पावसाळ्यात एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात, १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि एक किलो चुना. हे मिश्रण ठिबकून खालच्या गवतावर बसतं. गाई-बकऱ्यांच्या मानाने मेंढी तांब्याला फार नाजूक. तांबं तिच्या यकृतात साठत जातं, बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, दोन दिवसांत मेंढी खलास. एका दुपारच्या चरण्याने हे होत नाही, पण महिनाभर रोज त्याच बागेत कळप सोडला तर होऊ शकतं. त्यामुळे सुपारीची बाग मेंढरांना नकोच. खुरं कुजली असतील तर त्यांच्यासाठीही मोरचुदाचं पाणी करू नका. दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट, आणि मेंढरं त्यात पाच-दहा मिनिटं उभी. आंब्याला मोहोरावर फवारणी झाली असेल तर औषधाच्या लेबलावर लिहिलेले दिवस सरेपर्यंत बाग बंद.

पाण्याचंही तसंच. पाणथळ कडेच्या गवतावर गोगलगायींमुळे यकृतातला चपटा कृमी मिळतो आणि काही आठवड्यांनी जबड्याखाली पाणी लोंबतं. कळप दिवसा वरकसावर (डोंगरउताराच्या कोरड्या जमिनीवर) चारा, खाली फक्त बसायला आणा. खाडीचं पाणी पाजू नका. मेंढीमागे दिवसाला तीन ते पाच लिटर गोडं पाणी धरून विहिरीवर डोणी भरून ठेवा. आपल्या गुरांना लाळ्या-खुरकुताची लस तीन आठवडे आधी टोचलेली असावी, कारण कळप दहा गावं फिरून आलेला असतो.

संध्याकाळी मोजणी. वाघरीला दोन हात रुंद तोंड ठेवायचं, दोन बाजूंना दोन माणसं आणि जोडीजोडीने आत सोडायची. एक मोजतो, दुसरा वीस झाले की खडा टाकतो. संख्या कमी भरली तर अंधार पडायच्या आत शोध, तोही माणसांनी. कुत्री वाघरीभोवतीच राहू द्यात.

बिबट्याने मेंढरू मारलंच तर ते जागचं हलवू नका. त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, पंचनामा होऊ दे. नुकसानभरपाई त्याशिवाय मिळत नाही. पुरून टाकलेल्या मेंढराचा पंचनामा होत नाही.

वाघर हलली की लगेच, जमिनीत वाफसा आहे तोवर, उथळ नांगर फिरवा. उघड्यावर राहिलेल्या मुतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं आणि पुढे जांभ्याची जमीन इतकी कडक होते की नांगर शिरत नाही. लेंडीखतात साधारण ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद आणि २ टक्के पालाश असतं, शेणखतातलं नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात त्या कुणग्यात लावणीच्या वेळचा युरिया टाकू नका. रोपाचा रंग बघून नंतर लागला तर थोडा द्या.