खंडेनवमीची दुपार

आमच्या मोटारसायकलस्वारांच्या मंडळाचा मेळावा खंडेनवमीलाच का, याचं पत्रिकेतलं कारण वेगळं आणि खरं कारण वेगळं. पत्रिकेत वाहनपूजा असायची. खरं कारण असं की त्यानंतर थोड्याच दिवसांत साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि सोलापूर जिल्ह्यातले रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांचे होऊन जातात. पुढचे चार-पाच महिने जो गाडीवरून पडणार, तो बहुधा अंधारात, ट्रॅक्टरला जोडलेल्या, मागे दिवा नसलेल्या दुसऱ्या ट्रॉलीच्या पायी पडणार, हे जुन्या मंडळींना पाठ होतं. त्यामुळे हँडलला झेंडूचे हार चढले, नारळ फुटले, चाकाखाली लिंबं चिरडली, की सगळं पटांगण पडण्याच्या विषयाकडे वळायचं. सणाच्या दिवशी अभद्र कशाला, असं नवीन माणसाला वाटायचं. एकदा बसला की तो पुढच्या वर्षी सतरंजी उचलायला सकाळीच हजर.

सत्कार-भाषणं अर्ध्या तासात उरकायची. अध्यक्षांनी 'दोनच शब्द' म्हणत माइक धरला की मागून हमखास आवाज यायचा, "अण्णा, किल स्विच दाबा की ओ!" म्हणजे गाडीचं इंजिन बंद करायचं बटण.

मग पडलेल्यांची पाळी. वर्षभरात जे पडले ते एकेक करून उभे राहायचे आणि तीनच गोष्टी सांगायचे: कुठे, रस्त्यावर काय होतं, आणि अंगावरच्या कोणत्या वस्तूने वाचवलं. चूक कोणाची, हे विचारायचं नाही. तो प्रश्न पोलिसांचा. या एका नियमामुळे माणसं खरं बोलायची. वर्षानुवर्षं ऐकून जिल्ह्याचा एक नकाशाच डोक्यात तयार झाला होता. पहिल्या पावसानंतर शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेली काळी माती. तिच्यावर पुढचा ब्रेक लागला की चाक घसरलंच. दुभाजक फोडून केलेल्या वाटांपाशी साचलेली खडी. संध्याकाळी पुणे रोडला गावाबाहेर पडताना थेट डोळ्यांत येणारा सूर्य. एप्रिल-मेमध्ये पाघळलेलं डांबर. ट्रॉलीचा हिशोब तर पोरांकडून घोकून घेतला जायचा: ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, आणि ट्रॉली दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत तेवढं अंतर संपलेलं असतं. तेव्हा समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की आधी वेग कमी, मग बाकीचं.

पण मेळाव्याचं खरं आकर्षण म्हणजे हेल्मेट काढण्याचा तास. आयुष्य कॅज्युअल्टीत गेलेल्या एक सिस्टर यायच्या आणि पहिलंच वाक्य ठरलेलं असायचं, "हेल्मेट काढायचं नाही. काच वर करा, श्वास बघा, नाव विचारा." श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट दवाखान्यापर्यंत डोक्यावरच राहू द्यायचं, कारण मानेचा मणका दुखावला असेल तर एका हिसक्याने माणूस कायमचा लुळा पडू शकतो. काढायचं ते श्वास अडत असेल, तोंडात उलटी किंवा रक्त साचलं असेल किंवा छाती दाबायची वेळ आली असेल तरच. आणि तेही दोघांनी.

एक पोरगा उताणा निजायचा, दोघे त्याच्याशी झटायचे. डोक्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसलेल्याने दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डोकं स्थिर ठेवायचं. दुसऱ्याने पट्टा सोडायचा, नाही सुटला तर कापायचा. मग दुसऱ्याने एका हाताने जबडा आणि दुसऱ्या हाताने मानेमागून कवटीचा खालचा भाग धरला, की डोक्याचा भार त्याच्याकडे गेला. आता पहिल्याने हेल्मेटच्या कडा बाहेर ताणायच्या, नाक सुटेल इतकं मागे कलतं करायचं आणि सावकाश ओढायचं. बहुतेकांचं गणित इथेच चुकायचं: हेल्मेट सुटताच डोकं मागे पडायचं, कारण डोक्याच्या मागे पोकळी राहते आणि दुसऱ्याचा हात तोवर ढिला पडलेला असतो. सिस्टर टाळी वाजवून म्हणायच्या, "मारलास बघ याला. पुन्हा." निजलेला पोरगा हसायचा, त्यालाही ओरडा. हेल्मेट निघाल्यावर पहिल्याने दोन्ही बाजूंनी डोकं पुन्हा धरायचं आणि १०८ ची गाडी येईपर्यंत सोडायचं नाही.

छाती दाबण्याचा सराव शेंगांच्या रिकाम्या पोत्यात चिंध्या भरून व्हायचा. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. पहिल्या मिनिटातच धडधाकट पैलवानही घामाघूम व्हायचा, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. पाणी पाजण्याला सक्त मनाई. आपल्याकडे पडलेल्याच्या तोंडाला आधी तांब्या लागतो, पण शुद्ध हरपली तर तेच पाणी फुप्फुसात जातं आणि ऑपरेशनच्या वेळी भुलीचीही अडचण होते.

सिस्टरांचा आवाज सर्वांत कडक व्हायचा तो उठून उभ्या राहणाऱ्याबद्दल बोलताना. पॅन्ट झटकतो, 'काय नाही झालं बे' म्हणतो आणि गाडी उचलायला जातो, तो सगळ्यांत धोक्याचा. मांडीचं हाड मोडलं तर आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकतं. पोटातला रक्तस्राव तर वरून दिसतही नाही. डोक्याला मार असेल तर पहिला दिवसभर कुणीतरी जवळ हवं. उलट्या, वाढती झोप, असंबद्ध बोलणं, दोन डोळ्यांच्या बाहुल्यांच्या आकारात फरक, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. अशा माणसाला गाडी चालवत घरी जाऊ द्यायचं नाही, मग तो कितीही चिडो.

सिस्टरांनंतर वकील. पूर्वी लोक पोलिसांच्या चौकशीला भिऊन जखमीला हात लावत नसत, म्हणून त्यांचा भर एकाच गोष्टीवर: २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. दवाखान्यात सोडून निघून जाता येतं, नाव सांगण्याची सक्ती नाही. अलीकडे त्यात २०२५ च्या केंद्राच्या योजनेची भर पडली. ठरलेल्या दवाखान्यांत ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात, हे घरच्यांना त्या घाईत कुणीतरी सांगावं लागतं.

कुणी पडला तर सोबत्यांनी करायची कामं मेळाव्यातच वाटून दिली जायची, आणि मंडळाचं मोठेपण मला यातच वाटत आलं आहे. घरी फोन करायचा तो एकानेच, आणि पहिल्याच वाक्यात शुद्धीवर आहे का आणि कोणत्या दवाखान्यात आहे हे सांगायचं. दुसरा डॉक्टरांशी बोलणार. तिसरा रक्तपेढीचं बघणार. चौथा गाडीपाशी थांबणार आणि पंचनामा होईपर्यंत ती हलू देणार नाही; पोलिसांनी सांगेपर्यंत फोटोच काढायचे, आणि ते ग्रुपवर टाकायचे नाहीत. विम्याच्या कंपनीला लगेच कळवायचं आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाडी खोलायची नाही, नाहीतर दावा अडकतो. गाडीमालकाच्या नावाचा १५ लाखांचा अपघात विमा पॉलिसीत आहे हे कित्येकांना पडल्यावरच कळायचं. नुकसानभरपाईच्या न्यायाधिकरणात जायचं तर कायद्यात आता ६ महिन्यांची मुदत आहे, म्हणून डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं आणि एमएलसीची, म्हणजे पोलिसांसाठी दवाखान्याने केलेल्या नोंदीची, प्रत एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. दवाखान्यात पोचवायच्या डब्यांची पाळी बायकांनी लावावी असा ठराव एकदा पुरुषांनी मांडला होता. तो हाणून पाडला गेला, आणि तेव्हापासून डबे पुरुषच पोचवतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी टिकते, पण जबडा बांधलेल्याला तिचा काय उपयोग! त्याच्यासाठी पेज, ताक आणि गाळलेलं वरण असं फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं.

दुपारच्या जेवणानंतर झोप उडवायला जोडभावी पेठेतले मेस्त्री. पडलेली गाडी उभी केली की लगेच बटण दाबायचं नाही, हा त्यांचा श्रीगणेशा. आडव्या गाडीत ऑइल एअर फिल्टरकडे आणि कार्ब्युरेटरचं पेट्रोल सिलिंडरमध्ये जातं. थोडा वेळ उभी ठेवायची, ऑइलची पातळी बघायची, चावी बंद ठेवून किक मारायची. किक अडली तर प्लग काढून मारायची. पुढचं चाक सरळ आणि हँडल तिरकं दिसलं तर लोक लगेच 'चासी गेली' म्हणून कपाळाला हात लावतात. बऱ्याचदा शॉकअपचे पाइप टीमध्ये, म्हणजे दोन्ही पाइप धरून ठेवणाऱ्या पट्टीत, फिरलेले असतात एवढंच. एक्सल, मडगार्ड आणि टीचे बोल्ट ढिले करायचे, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करायचं, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप चार-पाचदा खालीवर करायचे, मग आवळायचं. शंका असेल तर पाइप काढून सपाट काचेवर लोळवायचा. लचकत लोळला तर वाकलेला. वाकलेला पाइप तापवून सरळ करून देणाऱ्याकडे मेस्त्री बोट दाखवून सांगायचे, "मालक, दोनशे रुपये वाचतील, दात जातील."

हेल्मेटचंही तेच. दरवर्षी पडलेल्याचं एक हेल्मेट करवतीने उभं कापून सगळ्यांपुढे फिरवलं जायचं. बाहेरून नुसता ओरखडा, आत थर्माकोलसारखा थर दबलेला. तो एकदा दबला की परत फुगत नाही, पुढच्या वेळी धक्का सरळ कवटीला. घरच्यांना पटवायला या तुकड्यासारखं दुसरं काही नाही.

बरा झालेला माणूस जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आसपास, हुरड्याच्या शेतावर यायचा. पहिल्यांदा मागच्या सीटवर. स्वतः चालवण्याआधी त्याची पटांगणात परीक्षा: क्लच पूर्ण दाबता येतो का, ३० च्या वेगावरून एकदम थांबता येतं का, वळून मागे बघताना मान-खांदा साथ देतो का. हासळीचं हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळतं, भीतीला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तिला हसायचं नाही असा दंडक होता. पहिल्या फेरीत तो सगळ्यांत पुढे. त्याचा जो वेग तोच सगळ्यांचा, मग हिप्परग्याच्या तलावापर्यंत जायला तास का लागेना.

निघण्याआधी पिशव्या उघडायच्या. प्रत्येक गाडीच्या पिशवीत हातमोज्यांचे दोन जोड, जीन्स कापेल अशी कात्री, चार इंची क्रेप बँडेज दोन, गॉजची पाकिटं, दोन तिकोनी फडकी, टॉर्च, चमकणारं जाकीट आणि मार्कर पेन. रक्त थांबवायला पट्टा आवळला तर त्याची वेळ अंगावर लिहायला. सोलापूरच्या उन्हाळ्यात डिकीतल्या चिकटपट्टीचा गोंद पाघळतो आणि हातमोजे एकमेकांना चिकटून फाटतात, म्हणून ते दरवर्षी टाकून नवे भरायचे. त्याची वर्गणी वेगळी, आणि ती न देता सटकणाऱ्याच्या गाडीची चावी खजिनदारांच्या खिशात.