पडली तर एकटीला उचलता आली पाहिजे

माझी उंची पाच फूट एक इंच. माझ्या मोटरसायकलच्या, रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ च्या, सीटची उंची ८०० मिलिमीटर आणि कंपनीच्या कागदावर गाडीचं वजन १९९ किलो. कोल्हापूरहून लेहला एकटीनं जायचं ठरवलं तेव्हा घरच्यांनी थंडीचं विचारलं, रात्री कुठं राहणार ते विचारलं. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. मनाली-लेह रस्त्यावरच्या बारालाचा खिंडीच्या अलीकडं नाल्यात गाडी आडवी झाली आणि मैलभर माणूस दिसत नसलं, तर? गाडीला काय लावायचं आणि काय नाही, हे सगळं मी त्यावरून ठरवत गेले.

सामानासाठी आधी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे घेणार होते. कुलूप लागतं, पाणी शिरत नाही, दिसायलाही देखणे. दुकानात रिकामे डबे आणि त्यांचा सांगाडा काट्यावर ठेवायला लावला. अठरा किलो भरले, आणि त्यात अजून एक कपडासुद्धा नव्हता! शिवाय गाडी पडताना पाय डब्याखाली आला तर हाड मोडायला वेळ लागत नाही. म्हणून कापडी सॅडलबॅगा घेतल्या. दोन पट्टे सोडले की निघतात.

बॅगा टेकायला सांगाडा लागतोच. तो पहिल्यांदा तयार मागवला. सगळं सामान भरून गगनबावडा, भुईबावडा घाट, वैभववाडी आणि फोंडा घाटानं परत अशी चाचणी घेतली. दाजीपूरला चहाला थांबले तर डाव्या जोडाच्या रंगावर केसासारखी बारीक चीर दिसली. नखानं रंग खरवडला, तर खालचं वेल्डिंगच तडकलेलं. चांगल्या रस्त्यावर एका दिवसात ही गत, मग लेहच्या वाटेवरच्या खडखडाटात काय झालं असतं, या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरा सांगाडा उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी समोर बसवून करून दिला. त्यांनी मला आधी गाडीवर बसायला लावलं, मग बॅगा हातात धरून मापं घेतली. "ताई, वझं वर बांधू नगा. खाली आन् चाकांच्या मधी," एवढंच ते म्हणाले. नंबर प्लेटच्या मागून त्यांनी एक आडवी पट्टी टाकली. त्यामुळं डावी-उजवी बाजू एकमेकींना धरून राहते, बॅग आत चाकाकडं झुकत नाही. उजवीकडं सायलेन्सर वर येतो, म्हणून तिथला पाइप चार बोटं बाहेर काढला. सगळे नट निळं लॉकटाइट (नट हादऱ्यानं सैल होऊ नये म्हणून लावायचा डिंक) लावून आवळले आणि मी प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीवर लाल नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. चौदा नट आहेत. रोज सकाळी पाना न लावता नुसत्या नजरेनं तपासून होतात.

पेट्रोलचा हिशेब असा. मनालीहून लेहला जाताना लागणाऱ्या तांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी आपण सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते. टाकी पंधरा लिटरची. सपाटीला माझी गाडी तीसचं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे काळजी नको. पण तिथं बारालाचा, लाचुंगला आणि ५,३२८ मीटरचा टांगलांगला अशा खिंडी चढायच्या असतात. विरळ हवा, पहिला-दुसरा गिअर. चोवीस धरलं तर टाकी ३६० वरच संपते. म्हणून पाच लिटरचा एक कॅन घेतला. तो मागं न बांधता टाकीशेजारच्या पुढच्या गार्डला लावला, आणि दुसऱ्या बाजूला चार लिटर पाणी. पाच लिटर पेट्रोल साधारण पावणेचार किलो भरतं, चार लिटर पाणी चार किलो. तोल राहतो. कॅन काठोकाठ मात्र भरायचा नाही, उंचीवर तो फुगतो.

स्पोकची चाकं, आत ट्यूब. त्यामुळं पंक्चर काढायला शिकणं भागच होतं. पुढची २१ इंची ट्यूब जादा घेतली. अडचणीत ती मागच्या १७ इंची चाकातही निभावून नेते. अंगणात मागचं चाक पाच वेळा उतरवलं. दोन ट्यूब टायर लिव्हरनंच (टायर रिममधून काढायच्या पट्टीनंच) चिमटल्या, मग हात बसला. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवायचं. बारीक तार राहिली असेल तर फडक्याचा धागा तिला अडकतो. क्लचची जादा केबल बॅगेत ठेवण्याऐवजी जुन्या केबलशेजारूनच ओढून ठेवली आणि तिची तोंडं टेपनं बंद केली. तुटली तर टाकी काढायची गरज नाही.

गाडी उचलायचा सराव गोणपाटांवर आडवी करून केला. इंजिन बंद, गिअर टाकायचा. उजवीकडं पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडायचा. मग सीटला पाठ लावून बसायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या गार्डला, आणि कंबर न वाकवता पायांनी रेटत मागं मागं चालायचं. भरलेल्या बॅगा असताना मला कधीच जमलं नाही. बॅगा उतरवल्या की जमायचं.

आणि तसंच झालं. बारालाचाच्या अलीकडच्या झिंगझिंग बारच्या नाल्याला पोचायला दुपारचे दोन वाजले. तोवर बर्फ वितळून पाणी वाढलेलं असतं. गोट्यावरून पुढचं चाक घसरलं आणि गाडी उजवीकडं आडवी. पट्टे सोडून बॅगा काठावर टाकल्या. पाणी इतकं गार की बोटं वळेनात. पहिल्या खेपेला बूट घसरला, दुसऱ्या खेपेला गाडी उभी राहिली. ब्रेकची लिव्हर तुटली होती, ती काठावर बसून बदलली.

संध्याकाळी खिंडीपलीकडच्या सर्चूच्या मुक्कामी तंबूबाहेर टॉर्च लावून लाल रेघा तपासल्या. तेरा सरळ होत्या. चौदावी, उजवीकडच्या आडव्या पट्टीच्या नटावरची, तुटली होती. तो नट आवळला, रेघ पुन्हा ओढली आणि झोपले.