असमानता, बिंदू आणि ‘वरची बाजू’: माझा अनुभव

नाशिकमध्ये सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी कॉमर्सची तयारी केली. दोन चलांच्या असमानतेत बिंदू बसतो की नाही हे तपासणं म्हणजे किंमत ठेवायची, हिशेब करायचा, तुलना करायची. यात अवघड काहीच नाही. माझं घोडं अडलं ते एका आयत्या नियमापाशी. शिकवणीच्या झेरॉक्स नोट्समध्ये ठळक छापलेलं: ‘चिन्ह ≥ असेल तर रेषेच्या वरची बाजू.’ हा नियम अर्धवट आहे आणि मुलं तो पाठ करून मार्क घालवतात, याची मला अजून चीड येते.

२क्ष − ३य ≥ ६ घ्या. २क्ष − ३य = ६ ही तिची रेषा (३, ०) आणि (०, −२) मधून जाते. (३, ४) हा बिंदू रेषेच्या चांगलाच वर आहे, म्हणजे नोट्सप्रमाणे तो बसायला हवा. किंमती ठेवा: ६ − १२ = −६. −६ हे ६ पेक्षा मोठं किंवा ६ इतकं आहे का? नाही. आता रेषेखालचा (५, १) घ्या: १० − ३ = ७. हा बसतो. कारण साधं आहे. य एकटा करायचा तर −३ ने भागावं लागतं, आणि ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं: य ≤ (२क्ष − ६)/३. म्हणजे उत्तर खालच्या बाजूला. ‘वरची बाजू’ खरी ठरते ती यचा सहगुणक (यच्या आधीचा आकडा) धन असेल तरच, आणि नेमकं तेवढंच वाक्य नोट्समध्ये नव्हतं.

म्हणून बिंदू तपासताना असमानता दिली आहे तशीच ठेवा. पदं इकडची तिकडे नेऊ नका, य एकटा करू नका. आणि कंस घाला, कंटाळा करू नका. (−१, −४) साठी २(−१) − ३(−४) = −२ + १२ = १०, बिंदू बसतो. कंस टाळला की हात आपोआप −२ − १२ = −१४ लिहितो आणि उत्तर उलटं येतं.

आलेखावर नुसतं बघून तर अजिबात ठरवू नका. १ सेंमी = १ एकक घेतलं, तर क्ष = ४ ला ही रेषा ०.६६… उंचीवर असते. सातव्या बारीक चौकटीवर पेन्सिलने (४, ०.७) चा ठिपका दिला की तो रेषेवरच आहे असं वाटतं. हिशेब करा: ८ − २.१ = ५.९. बसत नाही.

खरोखर रेषेवरच असलेला बिंदू, उदाहरणार्थ (३, ०), बरोबर ६ देतो. चिन्ह ≥ असेल तर तो बसतो, नुसतं > असेल तर नाही.

बिंदूतल्या आकड्यांच्या क्रमाचं (पहिला क्षचा, दुसरा यचा) आधी सांगायला हवं होतं. गाडीत ७५० किलोच माल चालतो, कांद्याची गोणी ५० किलोची, द्राक्षांचा क्रेट १० किलोचा धरा. गोण्या क्ष, क्रेट य. ५०क्ष + १०य ≤ ७५०, म्हणजे ५क्ष + य ≤ ७५ (१० धन आहे, म्हणून इथे चिन्ह तसंच राहतं). (१२, १५) ला बरोबर ७५ येतात, माल बसतो. तेच आकडे उलटे, (१५, १२), घातले तर ८७, म्हणजे ८७० किलो. प्रत्येक आकड्याखाली क्ष, य लिहूनच किंमत ठेवा.

बाजू रंगवायची असेल तर (०, ०) ठेवून बघणं सगळ्यांत सोपं. पण क्ष − २य < ० सारख्या असमानतेची रेषा आरंभबिंदूतूनच जाते, तिथे (०, ०) वरून बाजू कळत नाही. तिथे (१, ०) घ्या. १ < ० खोटं, म्हणून (१, ०) नसलेली बाजू रंगवायची आणि रेषा तुटक काढायची.