झाकण ठेवलेला कप : आमची वाटचाल

ताई आणि मी चहाची आणि वाळलेल्या फुलापानांची मिश्रणं डब्यात भरून विकतो. आमच्याकडे आलेलं पहिलं पत्र तक्रारीचं होतं. "तुमचं कॅमोमाइल म्हणजे निव्वळ गरम पाणी आहे," एवढं एकच वाक्य. मला लागलं ते. ताई मात्र उठली आणि म्हणाली, "त्यांनी केला असेल तस्साच कप करून बघू." मोठा मग, कॅमोमाइलची चिमूटभर वाळलेली फुलं, वर झाकण नाही, दोन मिनिटं. दोघींनी एकेक घोट घेतला. खरंच गरम पाणी होतं.

मग त्याच डब्यातली फुलं घेतली, यावेळी दोन चमचे. उकळतं पाणी ओतलं, वर बशी झाकली आणि सात मिनिटं हात लावला नाही. बशी उचलली तर तिच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले. त्या थेंबांनाच सफरचंदाचा आणि वाळलेल्या गवताचा मिळून एक गोडसर वास येत होता. ताईने ते थेंब कपात झटकले. पहिल्या कपातला हाच वास सरळ हवेत उडून गेला होता, कारण फुलातली सुगंधी तेलं वाफेबरोबर निघतात आणि त्यांना अडवायला वर काहीच नव्हतं.

आम्ही डबा भरून देतो तेव्हा काम अर्धंच झालेलं असतं, हे त्या दिवशी कळलं. उरलेलं अर्धं घेणाऱ्याच्या घरी होतं, आणि ते कसं करायचं हे आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या व्यवसायाची खरी सुरुवात मी त्या बशीपासून धरते.

तसं पाहिलं तर सुरुवात त्याआधीची. ताईची झोप बिघडली होती आणि संध्याकाळनंतरचा चहा तिला बंद करावा लागला. तिला कॅफिनची आठवण येत नव्हती, हातातल्या गरम कपाची येत होती. मी तिच्यासाठी वाळवलेला गवती चहा, पुदिना, बडीशेप असं काहीबाही एकत्र करू लागले. रूईबॉसची ओळखही तेव्हाच झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या सीडरबर्ग भागात होणारं हे झुडूप. त्याची पानं आंबवून वाळवली की लालसर होतात, कॅफिन अजिबात नसतं आणि चहापेक्षा तुरटपणा खूप कमी. २०२१ साली युरोपीय संघाने या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. ताईने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "याला अंग आहे." काढ्यांमध्ये तिला नेमका हाच भरदारपणा सापडत नव्हता. आजही आमच्या निम्म्या मिश्रणांच्या तळाशी रूईबॉस आहे.

इथेच एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती आम्हाला रोज विचारली जाते. काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग हे सगळे चहा एकाच झाडाचे, कॅमेलिया सायनेन्सिसचे. फरक पडतो तो पान तोडल्यावर त्याचं काय केलं यामुळे. पुदिना, कॅमोमाइल, रूईबॉस, आपला गवती चहा यांचा त्या झाडाशी काही संबंध नाही. म्हणून डब्यावर आम्ही दोन वेगळे शब्द वापरतो: चहाचं पान असेल तर 'चहा', नसेल तर 'अर्क'. घेणाऱ्याला रात्री काय प्यायचं हे ठरवता यावं, एवढाच त्यामागे हेतू.

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त शिकवलं गवती चहाने. नुसत्या गवती चहाचा कप सुगंधाला सुरेख, पण पिताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. महिनाभर आम्ही प्रमाण वाढवत राहिलो. मग एका संध्याकाळी ताईला सर्दी झाली आणि तिला तो कप बेचव लागला. मी मुद्दाम नाक दाबून घोट घेतला. गरम पाणी! गिळायच्या आत नाक सोडलं आणि क्षणात सगळं तोंड लिंबाने भरून गेलं. म्हणजे ते लिंबू जिभेवर नव्हतंच. गवती चहात सिट्रल नावाचं सुगंधी द्रव्य असतं, लिंबाच्या सालीतही ते असतं, म्हणून नाक लिंबू म्हणतं. जीभ मात्र आंबटपणाची वाट पाहत बसते आणि तो येतच नाही. राहून जात होतं ते हेच. आम्ही त्यात लाल अंबाडीची वाळवलेली बोंडं घातली आणि कप पूर्ण झाला. (बाजारात त्यांना हिबिस्कस म्हणतात, त्यामुळे अनेकांना ती जास्वंद वाटते. तशी ती जास्वंदीच्याच कुळातली, पण झाड वेगळं.) हा नाक दाबायचा प्रयोग तुम्ही घरी एकदा तरी करा. चव आणि वास वेगळे असतात हे वाचून पटत नाही, त्या एका घोटात पटतं.

चुका आम्ही भरपूर केल्या. दोन अशा होत्या की त्यांनी काम करायची पद्धतच बदलली.

पहिली मोगऱ्याची. चीनमधल्या फूचौ भागात जास्मिन चहा होतो, तो याच फुलावर. तिथली ही मोगऱ्याची आणि चहाची परंपरा २०१४ साली राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक शेतीवारशात नोंदवली. दिवसा कळ्या तोडायच्या, संध्याकाळी त्या उमलू लागल्या की चहाच्या पानांमध्ये मिसळायच्या, रात्रभर पानाने वास ओढून घ्यायचा, सकाळी फुलं वेगळी काढायची. असं ताज्या फुलांनी पुन्हा पुन्हा. हे वाचून मी वेडी झाले होते. आम्ही हिरव्या चहात मोगरा थरावर थर लावून ठेवला. सकाळी उघडलं तर स्वर्ग. आठवडाभराने उघडलं तर कुबट वास आणि पानांवर पांढरी बुरशी. फुलं वासाबरोबर ओलावाही देतात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर पान पुन्हा वाळवावं लागतं, ही पायरी आम्ही गाळली होती. सगळा माल टाकला. पण पान किती शोषून घेतं हे कायमचं समजलं. तेव्हापासून पुदिना, लवंग, दालचिनी यांची खोली वेगळी आणि चहाच्या पानाची वेगळी. घरीही चहा मसाल्यांच्या शेजारी ठेवू नका. हवाबंद डबा, अंधार, कोरडी जागा, एवढं त्याला पुरतं.

दुसरी चूक दिसायला किरकोळ. एकाच डब्याबद्दल एकाने लिहिलं की मसाला जाणवत नाही, दुसऱ्याने लिहिलं की घसा जळतो. चौकशी केली तर पहिल्याने डबा नुकताच उघडला होता आणि दुसऱ्याचा संपत आला होता. आम्ही मोठ्या पानांच्या चहात सुंठीची बारीक भरड घातली होती आणि ती प्रवासात हळूहळू तळाशी जाऊन बसली होती. त्यात सुंठ ओल्या आल्यापेक्षा तिखट, कारण वाळताना आल्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं शोगॉल हे दुसरं द्रव्य होतं आणि ते जास्त झोंबतं. शेवटच्या कपांत तीच उतरत होती. आता प्रत्येक घटक चाळून साधारण एकाच आकाराचा करून घेतो. ताई चाळणी घेऊन बसते, मी तिच्याशी वाद घालते, आणि शेवटी तिचंच बरोबर निघतं. तरीही डबा उघडताना आडवा धरून दोनदा हलवून घ्या.

फळांच्या चहाबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. वाळवलेल्या स्ट्रॉबेरीचे तुकडे डब्यात फार गोड दिसतात, पण चार-पाच मिनिटांत ते पाण्याला फारसं काही देत नाहीत. अशा चहाचा दरवळ बहुतेक वेळा वरून दिलेल्या स्वादाचा असतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. अर्ल ग्रे हा सुवासिक चहा सुद्धा बर्गमॉट या फळाच्या सालीच्या तेलानेच घडतो, आणि ते फळ मुख्यतः इटलीतल्या कलाब्रियात होतं. आम्ही स्वाद दिला असेल तिथे तसं डब्यावर ठळक लिहितो. तुकडे शोभेसाठी असतील तर ते घालतच नाही.

प्रत्येक नव्या मालाची चव आम्ही ठरलेल्या मापाने घेतो. चहा चाखण्यासाठी १९८० साली आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं: १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पान, उकळतं पाणी, ६ मिनिटं, झाकणाचं पांढरं भांडं. हे माप पिण्याच्या आनंदासाठी नाही, दोन नमुन्यांची तुलना खरी व्हावी म्हणून आहे. असा चहा जरा कडकच होतो आणि दोष लगेच बोलतात. घरी पिताना हिरव्या चहाला उकळतं पाणी घालू नका. ७० ते ८० अंशांवर तो गोडसर राहतो, त्याहून गरम पाण्यात कडवटपणा आणि तुरटपणा भराभर उतरतो. थर्मामीटर नसला तर पाणी उकळल्यावर झाकण काढून चार-पाच मिनिटं थांबा, मग ओता, आणि दोन मिनिटांत गाळून घ्या. वाळलेल्या फुलांना आणि मुळांना मात्र खळखळतंच पाणी हवं.

आणि घाईने पिऊ नका. ६५ अंशांपेक्षा गरम पेय नेहमी पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतं, असा निष्कर्ष २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने काढला. चवीचं कारण वेगळं आहे. चटका बसणाऱ्या घोटात काहीच कळत नाही. जरा निवल्यावर हवेसकट आवाज करत सुर्रकन ओढा. चाखणारे असेच ओढतात, कारण त्याने वास घशामागून नाकात चढतो. एकाच वेळी दोन-तीन छोटे कप शेजारी ठेवलेत तर फरक चटकन हाती लागतो. माझ्या मते एकट्या कपाची चव ओळखणं कठीण असतं, त्याला शेजारी लागतो.

डब्यांवर पूर्वी आम्हीही 'शांत झोप', 'पचन' असं लिहायचो. ते काढलं. त्याला कारण एका काकांचा फोन. रक्तदाबाच्या गोळ्या घेत होते आणि आमचं ज्येष्ठमधाचं मिश्रण दिवसाला चार-पाच कप पीत होते, गोड लागतं म्हणून. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन हे गोड द्रव्य जास्त झालं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. मी त्यांना लगेच थांबून डॉक्टरांना विचारायला सांगितलं आणि त्या रात्री मलाच झोप आली नाही. आता त्या डब्यावर ही सूचना समोरच आहे. कॅमोमाइलच्या डब्यावरही आहे, शेवंती-झेंडूच्या कुळाची ज्यांना ॲलर्जी असते त्यांच्यासाठी.

सध्या गोकर्णीच्या फुलांवर काम चाललंय. पाण्याला गडद निळा रंग येतो आणि लिंबाचे दोन थेंब पडले की तो जांभळा होतो. बघायला फार सुंदर, चवीला जवळजवळ काही नाही. मी त्यात आधी पुदिना घालून पाहिला, मग वेलची, मग वेलची आणि संत्र्याची साल. काल अकरावा नमुना झाला. ताईने बशी उचलली, थेंब झटकले, एक घोट घेतला, कप बाजूला ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला. "निवल्यावर बरा लागतोय," ती म्हणाली, "पण वेलची अजून पुढे पुढे करतेय. अगं, अर्धी कर."

आज बारावा.